चाहुलीवर लागणारा दिवा : सेन्सर बसविण्यापूर्वी आणि बसविल्यानंतर

माणसाची चाहूल लागताच आपोआप लागणारा आणि माणूस निघून गेल्यावर आपोआप मालवणारा दिवा चारपाचशे रुपयांत मिळू लागल्यापासून तो हौसेने घरी आणलेल्या पुष्कळ गृहस्थांच्या मनात काही ठरावीक शंका पुनःपुन्हा उद्भवताना दिसतात. संडासात बसलेले असताना मध्येच अंधार का होतो. अंगणात चिटपाखरू नसताना फाटकावरचा दिवा का लागतो. डिसेंबरात उत्तम चाललेला सेन्सर मे महिन्यात अगदी त्याच्याखाली जाऊन उभे राहिल्यावाचून जागा का होत नाही. आणि दुकानदाराने विजेच्या बचतीची एवढी ग्वाही दिली असता बिलाच्या आकड्यात काडीचाही फरक का पडत नाही, या त्या शंका होत. त्यांतील बहुतेकींचे मूळ उपकरणाच्या दोषात नसून ते चुकीच्या जागी, चुकीच्या प्रकाराचे आणि चुकीच्या अपेक्षेने बसविले गेले यात असते.

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये आणि त्याच्या आसपास नोकरीच्या वा बदलीच्या निमित्ताने येऊन राहिलेली मराठी कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून पुढील मजकूर लिहिला आहे. पुण्यामुंबईकडचे ठोकताळे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण येथील ऋतूंचा ताण निराळा, दिवसाची लांबी निराळी आणि घरांची मांडणीही निराळी. १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन होऊन १९६२ मध्ये चंदीगडला आलेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था याच सेक्टरात आहे; तेव्हा सूक्ष्म उपकरणांची येथील रहिवाशांना मुळीच ओळख नसावी असे म्हणता येणार नाही. परंतु प्रयोगशाळेतील उपकरणाची निगा राखणारा मनुष्यदेखील स्वतःच्या जिन्यावरचा दिवा शेजारच्या मिस्त्रीवर सोपवून मोकळा होतो, असा अनुभव आहे.

आधी जागा ठरवा, उपकरण नंतर

दुकानात जाण्यापूर्वी घरातून एकदा संध्याकाळी आणि एकदा मध्यरात्री सावकाश फिरून पाहावे आणि प्रत्येक दिव्याविषयी एकच प्रश्न विचारावा : या दिव्याखालून माणूस जातो की या दिव्याखाली माणूस बसतो? जेथून तो केवळ जातो, आणि तेही हात अडकलेले असताना, झोपेच्या अमलाखाली किंवा पाऊल डळमळीत असताना, तेथे सेन्सरासारखी सोय नाही. उलट जेथे तो बसतो, वाचतो, लिहितो, स्वयंपाक करतो किंवा पडून राहतो, तेथे हे उपकरण बसविणे म्हणजे दर पाच मिनिटांनी हात हालवून आपल्या अस्तित्वाची रुजुवात करून देण्याची शिक्षा स्वतःवर ओढवून घेणे होय.

या कसोटीला उतरणाऱ्या जागा साधारणपणे अशा :

- जिना, विशेषतः वळणाची पायरी आणि गच्चीकडे जाणारा शेवटचा टप्पा;
- शयनगृहापासून संडासापर्यंतची वाट, घरात वृद्ध माणसे असल्यास सर्वप्रथम हीच;
- सामानाची खोली, कपाटाचा आतला भाग, इन्व्हर्टर ठेवलेला कोपरा;
- फाटक, गाडी ठेवण्याची जागा आणि घरामागचे अंगण.

बैठकीची खोली, अभ्यासिका आणि स्वयंपाकघर मात्र या यादीतून बाद करावे. देवघराचीही तीच गोष्ट : निरांजनाची हलती ज्योत हा स्वतःच उष्णतेचा चंचल उगम असल्यामुळे समोरच्या भिंतीवरील सेन्सर तिच्याच चाहुलीने लागतो, आणि देवापुढे शांतपणे जळणाऱ्या समईच्या उजेडात अचानक पांढरा झोत पडणे हे रसिकतेलाही धरून नाही.

वृद्धांच्या वाटेवरचा दिवा छताला लावू नये. पायापासून वीतभर उंचीवर, भिंतीच्या कडेला, एकदोन वॉटचा पिवळसर प्रकाशाचा दिवा असावा; दोन वाजता अर्धवट झोपेत उठलेल्या माणसाला पाऊल कोठे टाकायचे एवढेच दिसायला हवे असते, आणि डोळ्यांवर पडलेला प्रखर उजेड त्याला क्षणभर आंधळा तर करतोच, पण त्याची उरलेली झोपही घालवितो. सेन्सर बसविण्यास याहून सयुक्तिक कारण दुसरे कोणतेही नाही. घरातील एकाच जागी तो लावायचा ठरला, तर येथेच लावावा, असा माझा आग्रह राहील.

सेन्सर नेमके काय पाहतो

निर्णयापुरते जितके शास्त्र आवश्यक, तितकेच येथे सांगतो. बाजारात सर्वाधिक खपणारा प्रकार 'पीआयआर' या नावाने ओळखला जातो. आपल्या शरीरातून सुमारे १० मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त प्रारण सतत बाहेर पडत असते. सेन्सरवरील पांढुरक्या प्लास्टिकच्या घुमटाला अनेक लहान भिंगांचे पैलू असतात (फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी योजलेल्या भिंगाचेच हे वंशज), आणि या पैलूंमुळे समोरची जागा पंख्याच्या आकारात निरनिराळ्या पट्ट्यांत विभागली जाते. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत उष्ण वस्तू सरकली की आतील स्फटिकावर सूक्ष्म विद्युत्‌भार निर्माण होतो आणि दिवा लागतो. म्हणजे हे उपकरण माणूस पाहत नाही. पार्श्वभूमीच्या तापमानाहून निराळ्या तापमानाची वस्तू हलली, एवढेच ते जाणते.

या एका वाक्यातून चार व्यावहारिक गोष्टी निघतात. स्तब्ध बसलेला माणूस त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. सेन्सरच्या रोखाने सरळ चालत येणारा माणूस पट्ट्या ओलांडत नसल्यामुळे उशिरा कळतो, आडवा जाणारा तत्काळ कळतो. साध्या काचेतून हे प्रारण पार होत नसल्यामुळे खिडकीच्या आत सेन्सर ठेवून बाहेरची राखण होत नाही. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, जी दुकानदार सांगत नाही : कातडीचे तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असते, आणि चंदीगडच्या मे-जूनमध्ये तापलेली भिंत आणि फरशी रात्री दहालाही त्याच घरात असते. मग फरक तो काय उरला? अनेक सेन्सरांच्या तपशीलपत्रकात 'सहा मीटरपर्यंत' किंवा 'बारा मीटरपर्यंत' असे अंतर छापलेले असते आणि त्यापुढे बारीक अक्षरांत '२४ अंशांखालील तापमानात' अशी अट असते. ती अट वाचावी. वर्षाचे चारपाच महिने ती आपल्या अंगणात पाळली जाणार नाही हे गृहीत धरून, उघड्यावरच्या सेन्सरचे छापील अंतर मनाशी निम्मे करूनच त्याची जागा ठरवावी.

हिवाळ्यात याच्या उलट प्रकार. पार्श्वभूमी गार, म्हणून सेन्सर तल्लख. रस्त्यावरचे कुत्रेही त्याला दुरून दिसते. मात्र शालीत गुरफटून, कानटोपी घालून निघालेल्या आजोबांच्या अंगावरील कपड्यांचा पृष्ठभागही गारच असतो, आणि त्यांचा चेहरा तेवढाच उघडा असल्यामुळे तो सेन्सरच्या दिशेने असणे इष्ट. वाटेवरचा सेन्सर पाठीमागे न लावता समोरच्या कोपऱ्यात, वाटेला तिरका धरून लावावा, म्हणजे आडवी चालही मिळते आणि चेहराही.

बाजारातील प्रकार

- सेन्सर बसविलेला बल्ब किंवा होल्डर. जुना बल्ब काढून हा फिरवायचा, की काम झाले. तारांना हात लावावा लागत नाही, घर सोडताना बरोबर नेता येतो. भाडेकरूंनी येथूनच आरंभ करावा. दोष एवढाच की सेन्सरची दिशा दिव्याच्या दिशेशी बांधलेली राहते.
- छताला किंवा भिंतीला लावण्याचा स्वतंत्र सेन्सर. दिवा एकीकडे आणि सेन्सर दुसरीकडे ठेवता येतो, एका सेन्सरवर दोनतीन दिवे चालतात. घरमालकांसाठी हाच उत्तम. छताचा सेन्सर साधारण सव्वादोन ते चार मीटर उंचीपर्यंत चालतो.
- बटणाच्या जागी बसणारा दोन तारांचा सेन्सर. दिसायला सोयीचा, स्वभावाने खट्याळ. त्याची कैफियत पुढे येईलच.
- रडार किंवा मायक्रोवेव्ह सेन्सर. हा उष्णता पाहत नाही, लहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून हालचाल ओळखतो. म्हणून मे महिन्यातही मंदावत नाही. परंतु लाकडी दार, प्लायवूडचे पार्टिशन आणि काच यांतूनही तो पलीकडची हालचाल पाहतो, आणि फिरत्या पंख्याला माणूस समजतो. प्लास्टिकच्या नळातून वाहणाऱ्या पाण्यानेदेखील तो फसल्याची उदाहरणे आहेत. विटांची जाड भिंत असलेल्या, पंखा नसलेल्या बंदिस्त जिन्यात तो निर्वेध चालतो.
- उपस्थिती ओळखणारा मिलिमीटर-लहरींचा सेन्सर. श्वासोच्छ्वासाने होणारी छातीची हालचालही याला कळते, त्यामुळे अभ्यासिकेत लावायचाच झाला तर हा. किंमत अधिक, आणि पंखा, कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदा यांपासून त्याला जपावे लागते.
- बॅटरीवरचा चुंबकी दिवा. कपाट आणि सामानाची खोली यांसाठी पुरेसा. वायरमनची गरज नाही.

मोबाइलवरून चालणाऱ्या सेन्सरांविषयी एकच पथ्य सांगतो. इंटरनेट बंद पडले असता दिवा लागतो की नाही हे विकत घेण्यापूर्वी विचारावे, आणि उत्तर नकारार्थी असल्यास तो घेऊ नये. जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालचा उजेड दूरदेशीच्या यंत्राच्या मर्जीवर अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही. जोडणी होत नाही अशी तक्रार असल्यास बहुधा कारण असे निघते की ही उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर चालतात आणि आपला मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झवर जोडलेला असतो.

तारांची बाब

स्वतंत्र सेन्सरला तीन तारा लागतात : येणारा फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारा फेज. छतावरच्या दिव्यापाशी न्यूट्रल असतोच; परंतु पूर्वीच्या शिरस्त्याप्रमाणे केलेल्या वायरिंगमध्ये बटणाच्या पेटीत तो बहुधा उतरविलेला नसतो, तेथे फक्त फेज येतो आणि दिव्याकडे परततो. म्हणूनच दोन तारांचा सेन्सर निघाला. तो स्वतःला लागणारी अल्पशी वीज दिव्यातूनच ओढून घेतो, आणि ती गळती साध्या बल्बला जाणवत नसली तरी एलईडी दिव्याला जाणवते. दिवा बंद असतानाही मंद तेवत राहतो किंवा लुकलुकतो. आपल्या पेटीत न्यूट्रल नसेल तर सेन्सर छतावर दिव्यापाशी न्यावा, हा सरळ मार्ग.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पेटीत न्यूट्रल सापडला नाही की घाईतला मिस्त्री शेजारच्या प्लगचा न्यूट्रल उसना घेतो. दिवा लागतो, मजुरी दिली जाते, मिस्त्री निघून जातो, आणि त्या रात्रीपासून घरातील गळती ओळखणारा आरसीसीबी विनाकारण पडू लागतो. कारण एका शाखेतून गेलेली वीज दुसऱ्या शाखेतून परतत असते. त्यावर कोणी आरसीसीबीच काढून टाकण्याचा सल्ला दिल्यास तो मुळीच मानू नये. ते साधन आपल्या जिवाचे रक्षण करते. काढायचा तो उसना न्यूट्रल. त्याचप्रमाणे तीन फेजचे मीटर असलेल्या घरात वरच्या आणि खालच्या मजल्यावरील दोन सेन्सर एकाच दिव्यावर जोडायचे असतील, तर दोन्हींना एकाच फेजवरून वीज दिलेली आहे याची खातरजमा मिस्त्रीकडून समक्ष करून घ्यावी; भिन्न फेज एकत्र आले तर मध्ये चारशे व्होल्टांहून अधिक दाब उभा राहतो.

इन्व्हर्टरच्या लाइनवर सेन्सर बसवायचा असल्यास इन्व्हर्टर 'साइन वेव्ह' प्रकारचा आहे ना, हे पाहावे. जुन्या 'स्क्वेअर वेव्ह' इन्व्हर्टरवर स्वस्त सेन्सरांचा अंतर्गत वीजपुरवठा तापतो आणि लवकर निकामी होतो. वीज गेली आणि आली की बरेचसे सेन्सर अर्ध्याएक मिनिटापर्यंत दिवा लावून ठेवतात. तो बिघाड नव्हे, ते पुन्हा सावध होत असतात.

काम कोणाकडून करवून घ्यावे? वीजसुरक्षेच्या केंद्रीय विनियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज वा बटण यांची, संचाची क्षमता आणि स्वरूप न पालटणारी साधी अदलाबदल घरच्या घरी करता येते. नवी तार ओढणे, वाढ वा फेरफार करणे ही कामे मात्र परवानाधारक विद्युत कंत्राटदाराने करावयाची असतात. परवाना दाखविण्यास सांगणे हा आपला हक्क आहे, आणि त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

बसविण्याचा क्रम

1. मुख्य एमसीबी बंद करून, टेस्टरने वीज नसल्याची खात्री करून मगच होल्डर उघडावा.
2. सेन्सर दिव्यापासून निदान हातभर दूर असावा. दिवा जवळ असला तर मालवल्यावर तो गार होताना सेन्सर त्यालाच हालचाल समजतो, पुन्हा लावतो, पुन्हा मालवतो, आणि ही उघडझाप रात्रभर चालते.
3. गीझर, रूम हीटर, तवा, कूलरचे तोंड आणि हलणारे पडदे त्याच्या दृष्टीच्या टप्प्याबाहेर ठेवावेत.
4. वीज सुरू करून मिनिटभर थांबावे. नंतर प्रकाशाचा नॉब सूर्याच्या चिन्हाकडे आणि वेळेचा नॉब सर्वांत कमीकडे फिरवून दिवसाउजेडीच चालून पाहावे. कोठे पाऊल टाकले असता दिवा लागतो ते खडूने फरशीवर नोंदवावे.
5. टप्पा पसंत पडल्यावरच सेन्सर कायमचा पक्का करावा आणि नॉब इष्ट जागी आणावेत.

याच्या जोडीला बोर्डावर दोन बटणांची तजवीज अवश्य करावी, आणि हा खर्च वाचवू नये. पहिले बटण सेन्सरला वीज देते किंवा तोडते. दुसरे सेन्सरला वळसा घालून, त्याच फेजवरून, दिवा सरळ चालू ठेवते. घरात कार्य आहे, पाहुणे जिन्यावरून ये-जा करीत आहेत, वायरमन दुरुस्तीस आला आहे किंवा ऐन रात्री सेन्सरनेच दगा दिला आहे, अशा प्रत्येक प्रसंगी हे दुसरे बटण उपयोगी पडते. उपकरणाला मुखत्यारपत्र द्यावे, पण ते रद्द करण्याचा अधिकार घरातील लहानात लहान माणसाच्या हाताशी ठेवावा.

दोन नॉब, दोन ऋतू

वेळेच्या नॉबविषयी फार बोलण्यासारखे नाही. जिन्याला एक मिनिट, संडासाला आठदहा मिनिटे, फाटकाला दोन मिनिटे. आरंभी मी संडासातील अंधाराचा उल्लेख केला तो नॉब दहा सेकंदांवर राहिल्याचा परिणाम असतो, कारण कारखान्यातून सेन्सर अनेकदा तशाच स्थितीत येतो.

प्रकाशाच्या नॉबचे मात्र येथे विशेष महत्त्व. चंदीगड जवळजवळ ३१ व्या अक्षांशापाशी असल्यामुळे जूनच्या अखेरीस सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात सव्वापाच-साडेपाचलाच. शिवाय जानेवारीच्या आरंभी तो सात वाजून गेल्यावर उगवतो आणि धुके असले तर नऊपर्यंत त्याचा पत्ता नसतो. घड्याळावर चालणारा टाइमर उन्हाळ्यात लावून ठेवला तर हिवाळ्यात दोन तास अंधारात जातात. महाराष्ट्रात हा फरक इतका बोचत नाही, म्हणून तेथून आलेली मंडळी टाइमरवर विसंबतात. येथे प्रकाश मोजणारा नॉबच वापरावा, आणि तो चंद्राच्या चिन्हाच्या अगदी टोकाला न नेता थोडा अलीकडे ठेवावा, म्हणजे धुक्याच्या सकाळीही दिवा कामास येतो. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी, जेव्हा आपल्याला स्वतःला दिवा लावावासा वाटतो नेमक्या त्याच क्षणी, नॉब हळूहळू फिरवीत दिवा लागेल तेथे थांबावे. छापील आकड्यांहून ही रीत अचूक ठरते.

फाटकावरचा दिवा

शहराचा आराखडा आखणाऱ्या कोर्बुझिएच्या योजनेत सेक्टरच्या सीमेवरील वेगवान रस्त्यांकडे घरांची दारे उघडत नाहीत. ती आतल्या गल्ल्यांवर, योजनेच्या भाषेत 'व्ही-६' रस्त्यांवर, उघडतात. म्हणजे फाटकासमोर रहदारी अल्प, परंतु जवळून. पहाटे फिरायला जाणारे, दूधवाला, सायकलस्वार, कुत्री आणि नुकतीच येऊन थांबलेली, इंजिन तापलेली मोटार, या सर्वांना सेन्सर सारख्याच तत्परतेने मान देतो. त्यावर उपाय सेन्सर गल्लीकडे न रोखता फाटकाच्या आतील बाजूस, घराकडे येणाऱ्या वाटेला आडवा रोखावा हा. तेवढ्यानेही भागले नाही, तर घुमटाचा जो भाग रस्त्याकडे पाहतो त्यावर काळी चिकटपट्टी लावावी. काही सेन्सरांसोबत यासाठी झाकण येते.

दिव्याचा झोत शेजाऱ्याच्या खिडकीत जाणार नाही असा खाली वळवावा. तुमच्या फाटकाच्या दर चाहुलीला त्याच्या शयनगृहात वीज चमकत असेल तर वाद उद्भवणारच, आणि त्यात न्याय त्याच्या बाजूचा असेल. उघड्यावरच्या उपकरणाच्या खोक्यावर निदान आयपी ४४ आणि थेट पावसाच्या माऱ्यात आयपी ६५ असे लिहिलेले असावे. पावसाळ्यात दिव्याभोवतीच्या किड्यांमागे पाल येते आणि ती घुमटावरून फिरली की दिवा लागतो. फडक्याने घुमट पुसून घेणे आणि दिवा पिवळसर प्रकाशाचा निवडणे, याने हा त्रास पुष्कळ कमी होतो.

सामाईक जिना कोणाच्या मीटरवर?

सेक्टर १ ते ३० हा शहराचा पहिला टप्पा. या टप्प्यातील एकेका घराचे मजल्यागणिक स्वतंत्र सदनिकांत रूपांतर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२३ च्या निकालाने मज्जाव केला. त्याच्या कायदेशीर बारकाव्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु एका घरात मजल्यामजल्यावर निरनिराळी कुटुंबे, भाऊबंद किंवा भाडेकरू, नांदतात आणि जिना सर्वांचा असतो, ही वस्तुस्थिती राहतेच. जिन्याचा दिवा ज्याच्या मीटरवर, त्याने सेन्सर लावावा आणि इतरांनी खर्चाचा वाटा द्यावा, असे साध्या कागदावर लिहून ठेवणे बरे. विजेचा हिशेब वर्षाकाठी इतका थोडा येतो की त्यावरून तंटा करणे लाजिरवाणे, पण तंटे अशाच रकमांवरून होतात.

भाडेकरूने तार ओढण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी आणि घर सोडताना सेन्सर कोणाचा, हे त्याच चिठ्ठीत नमूद करावे. सरकारी वा संस्थेच्या निवासस्थानात राहणाऱ्यांनी वायरिंगमधील फेरफार देखभाल विभागाच्या परवानगीवाचून करू नये. त्यांच्यासाठी बल्बच्या जागी बसणारा प्रकार आहेच.

बचतीचा खरा जमाखर्च

नऊ वॉटचा एलईडी दिवा रोज अकरा तास जळत राहिला, तर वर्षाला सुमारे ३६ युनिट वीज लागते. सेन्सर लावून तो दिवसाकाठी एकूण तासभरच जळू लागला आणि सेन्सरच्या स्वतःच्या चोवीस तासांच्या खादीपोटी अर्धा वॉट धरला, तर ती आठ युनिटांवर येते. बचत २८ युनिट. युनिटला सहा रुपये धरले तरी वर्षाला १७० रुपयांच्या आतच. पाचशेचा सेन्सर तीन वर्षांत फिटेल, तोवर टिकला तर. शंभर वॉटच्या जुन्या बल्बाच्या काळी हीच बचत ३६० युनिटांची झाली असती. ती एलईडीने आधीच करून ठेवली आहे. म्हणून बिल कमी व्हावे एवढ्याच हेतूने कोणी हा खर्च करू पाहत असेल, तर मी त्याला नाउमेद करीन. मिनिटभराच्या वाटेसाठी रात्रभर मोठा फ्लडलाइट जळत असेल, तेथे मात्र हिशेब पालटतो.

बिघाडाची लक्षणे

- दिवा कधीच मालवत नाही : रडार सेन्सरसमोर पंखा आहे का, ते प्रथम पाहावे. तसे नसल्यास आतील रिले चिकटला असावा. पत्रकात साध्या बल्बांसाठी १२०० वॉट आणि एलईडीसाठी ३०० वॉट असे दोन आकडे दिलेले असतात. एलईडी सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात आणि रिलेचे संपर्क जोडले जातात. लहान आकडा पाळावा.
- रात्री दिवा लागतो आणि लगेच मालवतो, असे सतत : दिव्याचा प्रकाश परत सेन्सरवरच पडत आहे. जागा बदलावी.
- एक्झॉस्ट पंखाही त्याच सेन्सरवर जोडला आहे : तो काढावा, मोटरीसाठी स्वतंत्र क्षमता लिहिलेली नसेल तर.

माल सदोष निघाला तर

खरेदीचे पक्के बिल, हमीपत्र आणि खोके हमीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावे. सेन्सरयुक्त बल्ब घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आणि क्रमांक पाहावा. दुकानदाराने 'एकदा उघडला की परत नाही' अशी पाटी लावली असली, तरी सदोष मालाबाबत दाद मागण्याचा आपला हक्क त्या पाटीने बुडत नाही.

प्रथम विक्रेत्याला आणि उत्पादकाला लेखी कळवावे. उपयोग न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्यानेही न भागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. माल मुंबईच्या वा बेंगळुरूच्या विक्रेत्याकडून घरबसल्या मागविला असला तरी तक्रार आपण राहता तेथील आयोगापुढे दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.

विजेच्या दाबातील चढउताराने सेन्सर वारंवार जळत असतील तर मात्र तो वाद विक्रेत्याशी नव्हे. १ फेब्रुवारी २०२५ पासून शहराचे वीजवितरण चंदीगड पॉवर डिस्ट्रिब्युशन लिमिटेड या कंपनीकडे आहे. मीटरपर्यंतची जबाबदारी तिची, मीटरनंतरच्या वायरिंगची आपली. आधी परवानाधारकाकडून मीटरपाशी निरनिराळ्या वेळी दाब मोजून तारखेनिशी नोंदवून घ्यावा, त्या नोंदींसह कंपनीकडे तक्रार करावी, आणि निवारण न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे व त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जावे. प्रत्येक पायरीवर तक्रारीचा क्रमांक किंवा अर्जाची पोच मागून घ्यावी. पुढच्या पायरीवर पहिली मागणी तिचीच होते.